विडीला छाट, ग्लोजला माफ

सिन्नरच्या स्टँडबाहेर पाणीपुरीच्या एका गाडीवर करोनानंतर आरोग्य अवतरलं. गाडीवाल्याच्या उजव्या हातात पारदर्शक हँडग्लोज. तो हात पुरीला भोक पाडतो, रगडा भरतो, मडक्यात मनगटापर्यंत बुडतो, कपाळाचा घाम पुसतो, नोट घेतो, सुटे देतो आणि पुन्हा मडक्यात जातो. मी विचारलं, "हा ग्लोज बदलता कधी?"

"फाटला की."

"आणि फाटतो कधी?"

"लवकर नाही फाटत भाऊ. क्वालिटीचा माल आहे."

मी सहा पुऱ्या खाल्ल्या, वर एक सुकी मागून घेतली आणि घरी आलो. तत्त्वासाठी पाणीपुरी सोडण्याइतकं हे सदर कडक नाही. पण 'क्वालिटी' हा शब्द पुदिन्यासारखा जिभेवर राहिला. हाताला घातलेला ग्लोज खरं तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना घातलेला असतो. गिऱ्हाइकाला दिसला की त्याचं काम झालं. मग ज्यांना तो खरोखर हातासाठी लागतो, त्यांचं काय होतं?

हे कळायला फार दूर जावं लागलं नाही.

*

त्याच आठवड्यात आईच्या पायाची जखम रोज धुवायची वेळ आली. ड्रेसिंगला ग्लोज हवे होते. मेडिकलवाल्याने प्रश्नपत्रिकाच काढली. लेटेक्स की नायट्राइल? पावडरवाला की बिनपावडरचा? मीडियम की लार्ज? मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, "चांगला द्या."

त्याने दोन पेट्या पुढे ठेवल्या. "हा महाग, हा स्वस्त."

"फरक काय?"

"किमतीचा."

इतका प्रामाणिक दुकानदार मी बरेच दिवसांत पाहिला नव्हता. मी स्वस्तातली पेटी उचलली. पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष माझा, हे आधीच कबूल करून टाकतो.

पेटीवर छापलेलं शंभर. पहिल्या दिवशी घालतानाच करंगळी फाटली. दुसऱ्या दिवशी अंगठा गेला. तिसऱ्या दिवशी मी वैतागून पेटी पलंगावर उलटी केली आणि वापरलेले, फाटलेले, उरलेले सगळे मिळून हिशेब घातला. चौऱ्याण्णव. पेटी घेऊन दुकानात गेलो. मेडिकलवाला शांत. "काका, कारखान्यात ते मोजत नाहीत, वजनावर भरतात. तुमच्या पेटीत जरा जाड आले असतील. म्हणजे तुमचा फायदाच झाला की!"

सहा कमी, दोन फाटके आणि फायदा माझा. एवढं गणित जमणारा माणूस मेडिकलात वाया जातोय. त्याची जागा अर्थखात्यात आहे.

मग मी हट्टाला पेटलो. ग्लोजला भोक आहे की नाही हे बघायची जगभर मान्य असलेली पद्धत अगदी घरगुती आहे. ग्लोजमध्ये एक लिटर पाणी ओतायचं, बोटं खाली करून टांगायचा आणि दोन मिनिटं बघत बसायचं. थेंब दिसला की तो ग्लोज बाद. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. फक्त पाणी हवं. सिन्नरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात 'फक्त पाणी हवं' हे वाक्य म्हणायला छाती लागते. आमच्या घरात प्रयोगाला परवानगी एका अटीवर मिळाली. सगळं पाणी खाली बादलीत पडलं पाहिजे आणि बादली तुळशीपाशी गेली पाहिजे.

वीस ग्लोज धुण्याच्या दोरीवर लटकले. पाणी भरल्यावर गाईच्या आचळांसारखे दिसत होते. शेजारच्यांनी गच्चीवरून पाहिलं आणि काही विचारलं नाही, यावरून त्यांचं माझ्याबद्दलचं मत कळलं. वीसातले तीन गळाले. एकाची तर धारच लागली.

तुळस तरारली. मी सुकलो.

*

आता नियम. ग्लोजला एकही भोक असता कामा नये, असं जगातला कुठलाच नियम म्हणत नाही. पातळ रबराचा धंदा आहे, काही टक्के सुटणारच. म्हणून किती टक्के खपवून घ्यायचे याची मर्यादा ठरवलेली असते. तिला एक्यूएल म्हणतात. अमेरिकेत ऑपरेशनच्या ग्लोजना ती १.५ आहे, तपासणीच्या ग्लोजना २.५. युरोपात तपासणीच्या ग्लोजनाही १.५. आकडा जितका लहान तितका माल चोख.

हे तपासायचं कसं? समजा एक लाख ग्लोजचा लॉट आहे. त्यातून वेचून २०० काढायचे आणि पाण्याने भरून टांगायचे. मर्यादा १.५ असेल तर सात गळाले तरी लॉट पास. आठवा गळाला की लाखच्या लाख परत. मर्यादा २.५ असेल तर दहापर्यंत चालतात, अकराव्याला लॉट परत.

सिन्नरच्या मापात सांगायचं तर २०० ग्लोजना २०० लिटर पाणी. म्हणजे बरोबर एक पिंप. लाख हातांची खात्री करायला एक पिंप पाणी पुरतं, आणि तेही नंतर झाडांना घालता येतं. दुष्काळी तालुक्यालाही परवडावी अशी ही तपासणी. तरीही ती कुणी करत असेल, तर माझ्या पेटीपर्यंत तिचा ओलावा पोचलेला नव्हता.

मी मोठ्या अभिमानाने हे एक्यूएल प्रकरण आमच्या गल्लीतल्या मावशींना समजावून सांगितलं. मावशी चाळीस वर्षं विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली विडी न थांबवता म्हणाल्या, "म्हणजे छाटच ना रे?"

छाटच! मी जो शब्द इंग्रजी आद्याक्षरांत शोधत होतो, तो सिन्नरच्या ओट्याओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बाईने दिवसभर वळलेल्या विड्या नेऊन दिल्या की तपासणारा एकेक जुडी हातात घेतो. सैल असेल ती बाजूला. आखूड असेल ती बाजूला. पान फाटकं, तोंड उघडं, दोरा ढिला, बाजूला. ही छाट. तिचे पैसे नाहीत. पान आणि तंबाखू कमी पडला तर त्याचा हिशेब वेगळा. छाटेच्या नावाखाली लूट होते अशी ओरड इतकी झाली की १९६६ च्या विडी कामगार कायद्याखाली महाराष्ट्राने नियम केले, तेव्हा त्यांत लिहावं लागलं की सर्वसाधारणपणे शेकडा पाचाच्या वर छाट काढू नये.

म्हणजे बघा. जी विडी पेटवून फुंकायची आहे, जिचं आयुष्य पाच मिनिटांचं आहे आणि जी ओढणाऱ्याचं आयुष्य त्याहून जास्त मिनिटांनी कमी करते, तिची तपासणी रोज, हाताने, डोळ्यांनी. आणि जो ग्लोज घालून डॉक्टर पोटात हात घालणार, नर्स रक्त काढणार, मी आईची जखम धुणार, त्याची तपासणी पेटीवरच्या छपाईत.

फरक कशाचा? मावशींच्या भाषेत, छाट काढली की कुणाचे तरी पैसे वाचले पाहिजेत. विडीच्या छाटेत ठेकेदाराचे वाचतात. ग्लोजच्या छाटेत कुणाचेच वाचत नाहीत, उलट जातात. मग कोण काढील?

*

ग्लोज जन्माला कसा आला, ही गोष्ट या निमित्ताने सांगायला हवी. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. त्या काळी ऑपरेशनआधी हात पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करत. त्यांच्या ऑपरेशन थिएटरातली नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन हिच्या हातांची त्या द्रावणाने आग व्हायची, कातडी फुटायची. हॉलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करून घेतले. हे १८८९-९० च्या सुमारासचं. १८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं. हातमोज्याने जुळलेलं लग्न, इतिहासात हे एकच असावं.

गोष्टीतलं लग्न सगळ्यांच्या लक्षात राहतं. मुद्दा विसरतात. पहिला ग्लोज पेशंटसाठी नव्हता. तो काम करणाऱ्या बाईच्या कातडीसाठी होता. पेशंटचं इन्फेक्शन कमी होतं हे नंतर ध्यानात आलं.

आता या मोजपट्टीने आपल्याकडचे हात बघू.

मावशींचे हात चाळीस वर्षं तंबाखूत आहेत. निकोटिन कातडीतून शरीरात जातं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. भाकरी कडू लागते, हे मावशींनी. त्यांच्या हातात ग्लोज नाही, कारण ग्लोज घालून विडी वळता येत नाही आणि वळली तर हजार विड्यांची हजारी पुरी होत नाही.

द्राक्षांकडे चला. सिन्नर तालुक्यातही बागा आहेत, पण खरं राज्य निफाड-दिंडोरीचं. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला 'पेस्ट' लावतात. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. कातडी जाळणारं रसायन. ते लावणाऱ्याने आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, नाहीतर तोंड लाल होऊन, छाती धडधडून माणूस आडवा होतो. इथे ग्लोज म्हणजे शोभा नाही. इथे तो जाड हवा, लांब हवा, रसायनाला टिकणारा हवा. प्रत्यक्षात मजुराच्या हातात अनेकदा काय असतं? दवाखान्यात नाडी बघायला वापरायचा, कागदासारखा पातळ तपासणीचा ग्लोज. काडीच्या पहिल्याच खरबरीत पेराला तो फाटतो आणि पेस्ट आत जाऊन बसते. बिनग्लोजचा हात निदान पाण्याने लगेच धुतला जातो. फाटक्या ग्लोजमधला हात दिवसभर रसायनात मुरतो, लोणच्यातल्या कैरीसारखा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, गॉगल, ग्लोज यांवर भाषणं झाली, संच वाटले गेले, फोटो निघाले. फोटोत ग्लोज होते. फोटोंना कीटकनाशकाची बाधा होत नाही.

*

"मग चांगला ग्लोज आणायचा कुठून?" हा प्रश्न सोपा वाटतो. उत्तर सिन्नरहून कोट्टायम आणि कोट्टायमहून क्वालालंपूरपर्यंत जातं.

रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लेटेक्स. आपल्या देशात तो मुख्यतः केरळचा, रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमला. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळी शेतकऱ्यांनी येऊन रबराच्या बागा लावल्या, तेव्हा 'हे काय खायचं झाड आहे का' असं विचारणारे आपणच होतो. हा चीक घुसळून दाट करतात, त्यात गंधक आणि इतर रसायनं मिसळतात आणि चिनी मातीचे हात त्यात बुडवून काढतात. हजारो पांढरे हात साखळीवर ओळीने फिरताहेत, चिकात बुडताहेत, भट्टीत जाताहेत. बाहेर पडेपर्यंत त्यांच्या अंगावर ग्लोज चढलेला असतो. तो धुवायचा, नीट धुवायचा, कारण चिकातली प्रथिनं राहिली तर काही जणांना अॅलर्जी होते. धुण्यात पाणी आणि वेळ जातो. कंजूष कारखानदार पहिली काटकसर इथे करतो. दुसरी वजनात.

घालायला सोपा जावा म्हणून आत मक्याच्या स्टार्चची पावडर मारत. ती जखमेत गेली की त्रास होतो आणि हवेत उडून अॅलर्जी पसरवते, म्हणून अमेरिकेने १८ जानेवारी २०१७ पासून पावडरवाले वैद्यकीय ग्लोज बंदच केले. आपला मेडिकलवाला अजून विचारतो, "पावडरवाला देऊ का? सर्रकन जातो."

नायट्राइल हे झाडाचं नाही, पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबर. तेलाला, बऱ्याच रसायनांना टिकतं. त्याचा द्रव कच्चा माल बराच काळ मुख्यतः बाहेरून यायचा. निळा रंग म्हणजे नायट्राइल, अशी आपली समजूत आहे. रंग कशालाही देता येतो. निळा व्हायनिलही मिळतो. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, ताणलं की सच्छिद्र होणारं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी क्लोरीनवाल्या प्लास्टिकचे ग्लोज २७ मार्च २०१९ पर्यंत बंद करा म्हणून सांगितलं होतं. तारीख होऊन गेली, ग्लोज राहिले.

करोनाच्या सुरुवातीला जगातले निम्म्याहून जास्त ग्लोज मलेशिया करत होता. एवढी सगळी अंडी एका टोपलीत, आणि २०२० मध्ये टोपली हलली. महासाथीआधी हजार नायट्राइल ग्लोजना २०-२५ डॉलर पडत. २०२१ च्या सुरुवातीला भाव १०० डॉलरच्या वर गेला. ज्याला जमलं त्याने हात धुवून घेतले. आपल्या सरकारने ३१ जानेवारी २०२० ला सगळ्या संरक्षक साहित्याची निर्यात थांबवली आणि आठवडाभरात, ८ फेब्रुवारीला, रबरी ग्लोजना पुन्हा वाट मोकळी केली. नायट्राइलवर मात्र बंदी ठेवली. आपल्याकडे काय पिकतं आणि काय पिकत नाही, हे त्या एका कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आणि मलेशियातले हात? तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी ग्लोज कंपनी टॉप ग्लोव्ह. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने वेठबिगारीच्या आरोपावरून तिच्या उपकंपन्यांचा माल अडवला. कारखान्यात नेपाळ-बांगलादेशाकडून कर्ज काढून आलेले कामगार, एकेका खोलीत दाटीवाटीने. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यातले दोन हजारांहून अधिक करोनाबाधित निघाले आणि मलेशियाच्या सरकारने २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद करायला लावले. साऱ्या जगाला साथीपासून वाचवणारा माल करणाऱ्यांना साथीने घरातच गाठलं. २०२१ मध्ये कंपनीने इतिहासातला सर्वाधिक नफा दाखवला आणि २०२३ मध्ये तोटा. भाव कोसळले होते, कारण घाबरून जगाने गोदामं भरून ठेवली होती आणि चीनने कारखान्यांवर कारखाने उभे केले होते. पुढे अमेरिकेने चिनी वैद्यकीय ग्लोजवर २०२५ ला ५० टक्के आणि २०२६ ला १०० टक्के जकात ठरवली. तिकडचं दार लागलं की माल दुसरं दार शोधतो. आपलं दार नेहमी अर्धवट उघडं असतं आणि दारावरचा माणूस फक्त भाव विचारतो.

*

भावावरून आठवलं. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने पावणे एमआयडीसीतल्या एका गोदामावर छापा घातला. आत वापरलेले हँडग्लोज होते. धुवायचे, वाळवायचे, नव्यासारखे करायचे आणि विकायचे, असा उद्योग. सुमारे तीन टन माल मिळाला. एक ग्लोज पाच-सहा ग्रॅमचा धरा. पाच-सहा लाख ग्लोज होतात. एवढ्या हातांतून उतरलेला कचरा एवढ्याच नव्या हातांवर चढायच्या तयारीत होता.

पाणीपुरीवाल्याला मी उगाच नावं ठेवली. तो निदान स्वतःचाच ग्लोज पुन्हा वापरतो.

हे होऊ नये म्हणून नियम आहेत आणि चांगले आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेला ग्लोज लाल पिशवीत जातो, निर्जंतुक होतो, त्याचे तुकडे होतात. पेटीवर दोनच्या आकड्यावर काट मारलेलं चिन्ह असतं. अर्थ, दुसऱ्यांदा वापरू नका. आपण त्याचा सोयीचा अर्थ लावला. दोनदा नाही ना? मग तिसऱ्यांदा चालेल.

*

आता खरेदी. माझा भाचा माळेगाव एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. त्याला विचारलं, "तुम्ही ग्लोज कसे घेता रे?"

"मामा, तीन कोटेशनं मागवायची. सगळ्यात कमी त्याला ऑर्डर."

"जाडी? वजन? गळतीची टक्केवारी?"

"त्याला कॉलम नाही."

संपलं. देशाच्या अर्ध्या दुखण्यांचं निदान या तीन शब्दांत आहे. कॉलम नसला की गुणवत्ता नसते. कोटेशनात 'शंभर नगांची पेटी' एवढंच असतं. पाच ग्रॅमचा ग्लोज तीन ग्रॅमचा झाला तरी नग एकच. मग तेलाच्या कामाला लेटेक्स येतो, कारण त्या महिन्यात तो स्वस्त होता. तेलात तो फुगतो, मऊ पडतो, दुपारपर्यंत फाटतो. कामगार दिवसाला एकाऐवजी चार वापरतो. महिनाअखेर खप वाढलेला दिसतो आणि साहेब फर्मान काढतात, "ग्लोज जपून वापरा!" भाचा म्हणाला, ऑडिटच्या दिवशी तर लेथवरच्या पोरांनाही ग्लोज घालायला लावले होते. फिरत्या यंत्रावर ग्लोज घालू नये, तो अडकून हात ओढला जातो, हा आयटीआयचा पहिला धडा. पण ऑडिटरला ग्लोज दिसले पाहिजेत. पुन्हा पाणीपुरीच!

सरकारी खरेदीचं तर विचारू नका. राज्याने औषधं आणि साहित्याची खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे दिली. २०२३ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. खरेदीचे हात बदलले. पेशंटच्या नातेवाइकाच्या हातातली चिठ्ठी मात्र तीच. एका दवाखान्यात (नाव विचारू नका, सगळीकडे हेच) माझ्याही हातात ती पडली होती. 'ग्लोज साडेसहा नंबर, चार जोड्या.' सर्जनच्या हाताचं माप मला पाठ झालं. माझ्या बायकोच्या बांगडीचं अजून होत नाही.

सगळीकडे गोम एकच. जो ग्लोज घालतो तो विकत घेत नाही. जो विकत घेतो तो घालत नाही. नर्सने कधी कोटेशन पाहिलेलं नसतं. पेस्ट लावणाऱ्या बाईला ग्लोज मालक देतो. स्टोअरवाल्याच्या हाताला तेल लागत नाही. फाटलेला ग्लोज आणि वाचलेला रुपया हे दोघे एका माणसाला कधी भेटतच नाहीत. भेटले असते तर साडेतीन आण्याच्या काटकसरीला कुणी दाद दिली नसती. मग काहीतरी झालं की सगळे हात वर करतात. वर केलेल्या हातांत ग्लोज नसतो, हे बरं असतं. ठसे तरी उमटतात.

*

आपल्याकडे मानक नाही असं नाही. ऑपरेशनच्या एकदाच वापरायच्या रबरी ग्लोजना आयएस १३४२२ आहे, तपासणीच्या ग्लोजना आयएस १५३५४. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आणली आहेत. कागद भरपूर आहे. कमी आहे ते पिंपभर पाणी आणि दोन मिनिटं.

म्हणून दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या, बागाईतदारांच्या स्टोअरवाल्यांना एकच सांगणं. कोटेशनात तीन कॉलम वाढवा. एका ग्लोजचं वजन, गळतीची मर्यादा आणि मानकाचा क्रमांक. माल आला की लॉटमधले ग्लोज काढा, पाणी भरा, टांगा. मर्यादेबाहेर गळाले तर लॉट परत करा. कसं परत करायचं हे ठाऊक नसेल तर सिन्नरच्या कुठल्याही विडी कारखान्यात जाऊन उभे राहा. छाट कशी निर्दयपणे काढतात, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. फक्त ती आजवर खालच्या हाताची काढली गेली. एकदा वरच्या हाताची काढून बघा.

आणि घरी पेटी आणणाऱ्यांनो, "चांगला द्या" म्हणू नका. पेटीवरचा लॉट नंबर बघा, तारीख बघा, आयएस बघा, आणि घरी आल्यावर मोजा. लाज वाटू देऊ नका. मावशींची जुडी मोजताना कुणाला वाटत नाही.

परवा मावशींच्या हजारातल्या तीस विड्या छाटेत गेल्या. त्यांचे पैसे कापले. माझी चौऱ्याण्णवाची पेटी मेडिकलवाल्याने परत घेतली नाही.